सक्तीचे पाहुणे

समितीच्या सभासदांनो, तुम्ही एका माणसाचा बाप उचलून दुसऱ्याला देऊन टाकलात आणि वर टाळ्या वाजवल्यात. चोरी केली असती तर परवडलं असतं. चोराला निदान पळावं तरी लागतं. तुम्ही पळालाही नाहीत. फोटो काढलात, चहा प्यायलात आणि घरी जाऊन गाढ झोपलात. तेही बहुधा त्याच माणसाने शिवलेल्या गादीवर.

तो माणूस गाद्यांच्या कारखान्यात कडेच्या शिलाईवर होता. गादीच्या चारी कडांना पट्टी लावून ती मशीनखालून फिरवायची, एवढंच काम. म्हणून सगळे त्याला कडेवाला म्हणत. स्वभावही तसाच. रांगेत कडेला, बैठकीत कडेला, आणि कारखान्याच्या फोटोत तर इतका कडेला की दर वर्षी अर्धाच यायचा.

त्याचा बाप वृद्धाश्रमात होता. हे ऐकून लगेच नाकं मुरडू नका. घर दोन खोल्यांचं, शेवटच्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बापाचे गुडघे गेलेले. आई गेल्यानंतर तो त्या दोन खोल्यांत राहिला, म्हणजे कोंडलाच गेला. खिडकीतून लोकांची डोकी बघायची आणि जेवायचं. एकदा हट्टाने खाली उतरायला गेला आणि जिन्यात पडला. मग स्वतःच म्हणाला, "मला खाली कुठेतरी ठेव रे. जमिनीवर पाय टेकू देत." आश्रम तळमजल्यावर होता. पण जाताना ठरलं होतं की वर्षअखेरच्या सुट्टीत बाबा घरी येणार. पहिल्या वर्षी पोरीला कांजिण्या आल्या आणि बेत बारगळला. दुसऱ्या वर्षी कारखान्याने कडेवाल्याला सुट्टीतही कामावर बोलावलं. यंदा मात्र काही झालं तरी आणायचंच असं नवरा-बायकोने ठरवलं होतं. बायकोने शिवणयंत्र स्वयंपाकघरात नेलं आणि खिडकीशी एक घडीची खाट टाकली. खाट टाकल्यावर घराचं दार अर्धंच उघडायला लागलं.

"राहू दे अर्धंच," ती म्हणाली. "आत येणारे सगळे बारीकच आहेत."

बाबांना खुर्चीत बसवून वर आणायला गोदामातले दोन हमालही सांगून ठेवले होते. त्या घरात इतकी तयारी लग्नानंतर पहिल्यांदाच होत होती.

पण सुट्टी जवळ आली की तुम्हाला दयेचा ताप चढतो. वर्षभर तुम्हाला गरीब दिसत नाही. तो तुमच्या दारात पाणी मागायला आला तर कुत्रं सोडता. आणि शेवटचा महिना लागला की एकदम त्याच्याशिवाय तुमचं पान हलत नाही. यंदा तुम्ही कारखान्याच्या फाटकाशी मोठा डबा ठेवलात, डब्याशेजारी खुर्ची ठेवलीत आणि खुर्चीत सेक्रेटरी ठेवलात. एरवी हा माणूस पगाराचं काम बघतो, म्हणजे कुणाच्या खिशात काय उरलंय हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. जो देईल त्याच्या छातीवर कापडी फूल. ज्याच्या छातीवर फूल नाही, त्याला फाटकात हटकायचं, जेवणाच्या हॉलमध्ये हटकायचं, संडासाच्या दारात हटकायचं.

"काय, छाती अजून रिकामी?" सेक्रेटरी रोज विचारायचा.

"दिलं ना साहेब," कडेवाला म्हणायचा. "पोरीच्या शाळेत दिलं. बिल्डिंगमध्ये दिलं. औषधाच्या दुकानात तर मी न देताच घेतलं त्यांनी."

"ते तिकडचं झालं. इथलं काय?"

"इथले गरीब वेगळे आहेत का?"

"गरीब तेच. डबा वेगळा."

मग जेवणाच्या वेळी भोंग्यातून पुकारा व्हायचा, "कडेची शिलाई विभाग, एक जण बाकी." सगळा हॉल चावायचा थांबायचा. वाढणारा माणूससुद्धा कडेवाल्याच्या ताटावर डाव अर्ध्यात थांबवून आधी त्याच्या छातीकडे बघायचा. त्याला द्यायचं नव्हतं असं नाही. पण हातात जे उरलं होतं ते खाट, गाडी आणि हमाल यांत गेलं होतं, आणि हे भर हॉलमध्ये ओरडून सांगण्याइतका तो निर्लज्ज नव्हता.

एका दुपारी मशीनखाली साचलेला फोमचा चुरा काढताना त्याला एक फूल सापडलं. निळं. सेक्रेटरीच्या खोक्यातून कधीतरी पडलेलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि छातीवर लावलं.

आता रंगाचं सांगायला हवं. त्या कारखान्यात सकाळपाळीची गादी पांढऱ्या धाग्याने शिवतात आणि दुपारपाळीची निळ्या. उद्या गादी उसवली तर कुणाच्या पाळीत शिवली ते कळावं म्हणून. दुपारपाळीत हयात घालवलेल्या माणसाला निळा रंग दिसला की एवढंच वाटतं, हे आपलं. त्याच्याच पाळीतले बरेच जण पांढरं फूल लावून हिंडत होते, हे त्याने पाहिलं होतं. त्याला वाटलं, सकाळपाळीत येऊन डब्यात पैसे टाकले असतील, म्हणून पांढरं. समितीने यंदा रंगांना निराळे अर्थ दिलेत, हे फाटकावरच्या फलकावर लिहिलेलं होतं. पण फलकाशी उभं राहिलं की सेक्रेटरी धरतो, म्हणून ज्यांनी दिलं नाही ते तो फलक वाचतच नसत. पांढरं म्हणजे पैसे दिले. पिवळं म्हणजे कपडे दिले. आणि निळं म्हणजे आश्रमातल्या एका निराधाराला सुट्टीभर आपल्या घरी न्यायला तयार झाला.

फूल लावल्यावर जादूच झाली. डाव ताटात पूर्ण रिकामा होऊ लागला. सेक्रेटरी खुर्चीतून उठला आणि कडेवाल्याचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हो."

"त्यात काय एवढं," कडेवाला म्हणाला. त्याला वाटलं, यांना चिल्लरीचंही अप्रूप आहे.

सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना गोदामात गोळा केलं आणि कडेवाल्याला पुढे बोलावलं. "दोन खोल्यांचं घर आहे या माणसाचं," साहेब म्हणाले. "दोन! आणि मन बघा केवढं! याचं फूल पाहिलं आणि मला माझ्या बंगल्याची लाज वाटली. आजपासून मीही निळं फूल लावतोय!" टाळ्या पडल्या. कडेवाल्यानेही वाजवल्या. साहेबाने आपल्या पाळीचं फूल का लावलं असावं, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. पण मोठ्या माणसांच्या मर्जीचा विचार करून कुणाचं भलं झालंय?

व्यासपीठाच्या मागे सेक्रेटरीच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. आश्रमातली सगळी माणसं वाटून झाली होती. आता खुद्द साहेबांना द्यायला म्हातारा आणायचा कुठून?

त्या संध्याकाळी घरी बाबांना आणायला निघायची गडबड चालली होती. पोरगी गॅलरीतून ओरडली, "आई, आश्रमाची गाडी आली! आजोबांना त्यांनीच आणलं!"

"चला, गाडीभाडं वाचलं," बायको म्हणाली. "हमाल कुठे आहेत? बोलवा."

"आई," पोरगी परत ओरडली, "आजोबा नाहीयेत. कुणीतरी बाई आहे. आणि ती स्वतःच जिना चढतेय."

अर्ध्या उघडलेल्या दारातून आधी एक ट्रंक आत आली, मग एक काटक म्हातारी आणि तिच्यामागून कॅमेरा घेतलेला सेक्रेटरी. बाईने घर एका नजरेत पाहून घेतलं.

"माझं ठिकाण हेच का?" तिने विचारलं. आवाज असा की शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या.

"हेच हेच," सेक्रेटरी म्हणाला. "बाई, यांच्या गळ्यात पडा जरा. हं, थोडं रडल्यासारखं."

"रडणं मागच्या वर्षी झालं," बाई म्हणाली. "यंदा घसा बसलाय. नुसतं हसते."

फोटो निघाला. त्यात बाई हसत होती आणि बाकीच्यांचे चेहरे त्यांच्याच घरी कुणी गेल्यासारखे होते. सेक्रेटरी निघाला तेव्हा कडेवाल्याने त्याला जिन्यात गाठलं, आणि तिथे त्याला रंगाचा अर्थ पहिल्यांदा कळला.

"साहेब, माझी चूक झाली. ते फूल मला खाली सापडलं."

"सापडलं? म्हणजे न देता लावलं?"

"मला वाटलं दुपारपाळीचं आहे."

सेक्रेटरीने डोळे मिटले. "साहेबांनी सगळ्यांदेखत तुमच्याशी हात मिळवला. आता त्यांना काय सांगू, लबाडाचा हात धरलात म्हणून? सुट्टीनंतर शिलाई विभागातली माणसं कमी करायची आहेत, ठाऊक आहे ना?"

"पण माझे वडील यायचेत हो! खाट एकच आहे."

"आनंद आहे. पण पाहुणा परत घेतला जात नाही. तसा नियमच आहे."

वर बायकोने सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, लोक रस्त्यात पाकीट उचलतात, निदान आत काहीतरी असतं. तुम्ही उचललं काय, तर माणूस! आता बाबांना कुठे ठेवू? खुंटीला टांगू?"

"आजी, तुम्हाला चहा करू?" पोरीने मध्येच विचारलं.

"आजी नाही. मी कुणाची आजी नाही. बाई म्हणायचं," पाहुणी म्हणाली. ती बसस्थानकावर घोषणा करायची. सारी नोकरी तिने एका काचेच्या खोलीत बसून लोकांना निरोप देण्यात घालवली होती, आणि साधं बोलणं तिला राहिलंच नव्हतं. "चहा चालेल. साखर कमी. आणि हे बघा, मला काही तुमच्याकडे यायची हौस नव्हती. पूर्वी सुट्टीत आश्रमात आम्ही चार-सहा जणच मागे राहायचो. शांतता असायची. टीव्ही माझ्या हातात. वर्षभरात तेवढेच दिवस! मग यांची समिती निघाली. आता एकही म्हातारं शिल्लक राहता कामा नये. नको म्हटलं तर कृतघ्न ठरतो. मागच्या वर्षी मला दातांच्या डॉक्टरला दिलं होतं. चार दिवस तो माझ्या तोंडात डोकावत होता. शेवटी म्हटलं, बाबा रे, दोन दात काढ आणि समाधानी हो."

पोरगी खदखदून हसली. बायकोलाही हसू आलं, पण तिने ते दाबलं.

"तुमचे वडील म्हणजे गुडघेवाले का?" बाईने कडेवाल्याला विचारलं. "माझा मुलगा गाद्या शिवतो, माझा मुलगा गाद्या शिवतो, असं सारखं सांगतात ते?"

कडेवाल्याने मान हलवली.

"अरे देवा," बाई म्हणाली आणि पहिल्यांदाच आवाज खाली आला. "ते आठवडाभर पिशवी भरून बसलेत हो. दात घासायचा ब्रशसुद्धा रोज पिशवीतून काढतात आणि परत पिशवीत टाकतात."

थोड्या वेळाने बायकोनेच वाट काढली. खालच्या मजल्यावरचे लोक उद्या गावाला जाणार होते. त्यांची चावी मिळणार होती. बाईने फक्त आजची रात्र खाटेवर काढायची, उद्या खाली जायचं आणि उद्या संध्याकाळी बाबा यायचे. एका दिवसाचा तर प्रश्न होता. बाईला ते पटलं. कडेवाल्याने आश्रमात फोन लावला.

"बाबा, आज नाही जमत. उद्या संध्याकाळी नक्की येतो."

"हरकत नाही," बाबा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पोरगी बरी आहे ना? परत कांजिण्या वगैरे?"

"छे हो. सगळं छान आहे. फक्त एक दिवस."

"हरकत नाही," बाबा परत म्हणाले. माणूस दोनदा हरकत नाही म्हणाला की समजावं. कडेवाल्याला समजलंही. पण फोन ठेवला गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात पहिली घोषणा झाली. "न्हाणीघर रिकामं झालेलं आहे. ज्यांना जायचं आहे त्यांनी त्वरा करावी." पोरगी खूश होती. तिने बाईला ओट्याजवळ बसवलं आणि दूध ऊतू जायच्या आधी घोषणा करायचं काम दिलं. खालची चावी मिळाली. ट्रंक खाली गेली. कडेवाला दाढी करून निघाला तेव्हा सहज म्हणून त्याने आश्रमात फोन केला, की बाबांना तयार ठेवा.

"ते गेले की," मेट्रन म्हणाली.

कडेवाला खाटेवर बसला. बायकोच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"अहो, तसे नाही गेले!" मेट्रन घाईने म्हणाली. "तुमच्या मोठ्या साहेबांकडे गेले. कालच. समितीला ऐन वेळी एक माणूस कमी पडत होता, आणि तुम्ही तर आज नेत नाही म्हणालात. नियम आहे, ज्यांना ठरल्या दिवशी घरचे नेत नाहीत त्यांना वाटून टाकायचं. आमच्या बायकांनाही सुट्टी हवी असते हो. म्हटलं, नशीब काढलं म्हाताऱ्याने. बंगला आहे!"

कडेवाल्याने फोन खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. बायको कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. "उठा. जा आणि बाबांना घेऊन या."

"साहेबांना काय सांगू?"

"सांगा की तो माझा बाप आहे! यात सांगायचं काय आहे? बाप म्हणायला शिकवावं लागतं का या वयात?"

"आणि नोकरी?"

ती खिडकीकडे तोंड करून चादर झटकू लागली. चादर स्वच्छच होती.

"मी येते बरोबर," बाई म्हणाली. "मला तिथे सोडा आणि त्यांना घ्या. एकाला एक. त्यांच्याही फोटोला माणूस कमी पडणार नाही. बदली गाडी म्हणतात याला."

बंगल्यावर जेवणाचा बेत होता. दिवाणखान्यात साहेबांचे दोस्त, त्यांच्या बायका आणि कॅमेरा घेतलेला सेक्रेटरी. मधोमध चाकांच्या खुर्चीत बाबा. त्यांच्या अंगात साहेबांचा जुना कोट होता. बाह्या इतक्या लांब की हात दिसतच नव्हते. मुलाला दारात बघून ते एकदम पुढे झुकले. कडेवाला तोंड उघडणार तोच साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"या या! हाच तो! ज्याने माझे डोळे उघडले तो हाच!" सगळे वळून बघू लागले. "आणि हे आमचे पाहुणे. जगात कुणी नाही यांना. म्हणजे मुलगा आहे एक, आश्रमवाल्या सांगत होत्या. नेतो म्हणाला आणि ऐन वेळी फिरला. आता असल्या माणसाला काय म्हणायचं?"

"हलकट," एक दोस्त म्हणाला.

"बायकोच्या मुठीत असणार," साहेबांच्या मॅडम म्हणाल्या.

"अशांना रस्त्यात उभं करून फटके दिले पाहिजेत," दुसरा म्हणाला.

"तुम्ही सांगा," साहेब कडेवाल्याकडे वळले. "तुम्ही परक्या बाईला घरात घेतलंत. बोलायचा हक्क इथे फक्त तुम्हाला आहे. काय करावं त्या मुलाचं?"

काटे-चमचे थांबले. कडेवाल्याच्या घशात ते तीन शब्द येऊन उभे होते, हे माझे वडील. तीनच शब्द, पण त्यांच्यामागे मशीन होतं, पगार होता, पोरीची शाळा होती.

"बोलून... बोलून बघावं त्याच्याशी," तो म्हणाला.

"बोलून काय होणार! फटकेच!"

"हो," कडेवाला म्हणाला. "फटके."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. जिन्यात पडलेल्या पोराकडे बघावं तसं.

"साहेब," ते शांतपणे म्हणाले, "मला मुलगा नाही."

"अं?"

"आश्रमवाल्यांचा घोटाळा झाला. मुलगा आहे तो शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्याला. मला कुणी नाही. उगाच कुणाच्या पोराला शिव्या कशाला? चांगला असेल बिचारा. अडला असेल कुठेतरी."

"किती मोठं मन," मॅडम म्हणाल्या आणि रुमाल डोळ्यांना लावला.

मग बाईने घसा साफ केला. तिने टेबलाच्या टोकाशी ताठ उभं राहून समोर कुणीच नाही असं बघत सुरुवात केली. "कृपया लक्ष द्या. खुर्चीत बसलेले गृहस्थ हे माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांचे सख्खे वडील आहेत. ते चुकीच्या ठिकाणी उतरवले गेलेले आहेत. त्यांना त्वरित त्यांच्या घरी सोडण्यात यावे." आणि सवयीप्रमाणे सगळं पुन्हा एकदा म्हटलं.

मग हशा पिकला. टाळ्या पडल्या.

"वा! अगदी हुबेहूब स्टँडवर आल्यासारखं वाटलं!" एक जण म्हणाला.

"अजून एक म्हणा ना, उशिरा येणाऱ्या गाडीची!"

"या वयात होतं असं," मॅडम हळूच नवऱ्याला म्हणाल्या आणि त्यांनी बाईच्या हातात केकचा तुकडा दिला. बाईने केककडे पाहिलं, कडेवाल्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली. सगळ्या आयुष्यात तिच्या घोषणेवर कुणी हसलं नव्हतं. लोक धावायचे.

"आता दोघांचा एक फोटो," सेक्रेटरी म्हणाला. "दाता आणि निराधार. थोडे जवळ या. अजून. अरे वा, नाकं बघा दोघांची, कशी सारखी!"

"कष्टाच्या माणसांची नाकं सारखीच असतात," साहेब म्हणाले.

फोटो झाल्यावर बाबांना हात धुवायचे होते. कडेवाल्याने खुर्ची ढकलत त्यांना आत नेलं, नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात म्हणाला, "बाबा, चला. आत्ता चला. जे व्हायचं ते होऊ दे."

"गप. भिंतीला कान असतात, आणि इथल्या भिंती साहेबाच्या आहेत."

"तुम्ही असं का बोललात?"

"मग काय करू? तू स्वतःलाच फटके द्यायला निघाला होतास." बाबा हसले. मग ओल्या हातांवर कोटाच्या बाह्या परत ओघळू दिल्या. "पोरगी उंच झाली?"

"झाली. तुमच्या कानाला लागेल."

"बसलेल्या की उभ्या?"

कडेवाल्याने नळ आणखी मोठा सोडला.

"जा आता," बाबा म्हणाले. "सुट्टी संपली की येशील तेव्हा घेऊन ये तिला. मी काय, आश्रमातच आहे."

तो बाईला घेऊन परत आला. बायकोने दार उघडलं, त्याच्यामागे बघितलं, आणि ताटं वाढली. बाईने त्या दिवसानंतर एकही घोषणा केली नाही. दूध दोनदा ऊतू गेलं.

सुट्टी संपल्यावर पहिल्या रविवारी तो पोरीला घेऊन आश्रमात गेला. मेट्रनने त्याला दारातच थांबवलं. चेहऱ्यावर हसू होतं, पण हात आडवा होता.

"आपण दाते ना? फोटो पाहिला मी. छान आलाय. पण दात्यांना असं कधीही येता येत नाही हो. वर्षातून एकदा, समितीबरोबर."

"अहो बाई, मी मुलगा आहे त्यांचा! दर रविवारी येतो, तुम्ही ओळखता मला!"

"मी ओळखते," मेट्रन म्हणाली आणि आवाज खाली आणला. "पण त्यांनीच चार मोठ्या लोकांसमोर सांगितलंय, मला मुलगा नाही. साहेबांनी त्यांना खास आपला पाहुणा म्हणून राखून ठेवलंय. नवं छप्पर घालून देणार आहेत आम्हाला. आता मी मध्येच मुलगा कुठून आणू? माझीही नोकरी आहे."

पोरगी जाळीतून आत हात हलवत होती. आतून कुणीतरी हलवत होतं. लांबून नीट दिसत नव्हतं.

सोमवारी कडेवाल्याने सेक्रेटरीला गाठलं. सेक्रेटरी म्हणाला, "तुम्ही तर आमचे आदर्श! सुट्टीत पाहुणा हवा ना? लागेल तो देतो."

"मला तेच हवेत."

"ते साहेबांचे. दुसरा घ्या. म्हातारे काय, पुष्कळ आहेत."

"मला माझे वडील हवेत."

"हे बघा," सेक्रेटरीने त्याला बाजूला घेतलं, "तुमच्या भावना पोचल्या. पुढच्या बैठकीत विषय घेतो."

बैठक झाली. विषय निघाला नाही. त्यानंतरचीही झाली. कडेवाला दर वेळी तुमच्या दाराबाहेर बाकाच्या टोकाला बसून असतो, आणि तुम्ही आत पुढच्या सुट्टीला कुणाला काय द्यायचं ते ठरवत असता. बाहेर पडताना तुमच्यापैकी एक जण त्याला काहीतरी मागायला आलेला समजून खिसे चाचपतो. त्याचं काही चुकत नाही. मागायलाच आलाय तो.

तेव्हा सभासदांनो, आता खिसे चाचपू नका, तोंड उघडा. स्वतःच्या बापाला स्वतःच्या घरी न्यायचं तर माणसाने हात कुणापुढे पसरायचा? तुमच्यापुढे, साहेबापुढे की मेट्रनपुढे? बैठक लागेल तेवढी लांबवा. पण उत्तर द्या.